जिताडा, अखंड रॉड आणि तळ्याचे व्याही

मी गेली कित्येक वर्षं गळानं मासे धरतो. आमच्या घरी मासे बाजारातून येतात. ही दोन्ही विधानं खरी आहेत आणि त्यात काही विसंगती आहे असं आमच्या घरात आता कुणालाच वाटत नाही.

काशीद ओलांडून मुरूडकडं निघालं की खाडीच्या तोंडाशी आमचं गाव लागतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. फळ्यावर मी जिताडा असा काढतो की मांजरानं समोर येऊन बसावं. पाण्यातल्या जिताड्यानं मात्र मला कधी ओळख दाखवली नाही. आणि जिताडा म्हणजे आमच्या रायगडात साधासुधा मासा नव्हे! साहेब येवो, पुढारी येवो, व्याही येवो, ताटात जिताडा वाढला की पाहुण्याचा मान राहिला. नाही वाढला तरी पाहुणा पोटभर जेवतो, फक्त घरी जाऊन बोलतो.

गळाचा दोरा गुंडाळायचं माझं जुनं रीळ मी एका बोटीवरच्या खलाशाकडून घेतलं होतं. सगळा लोखंड-पितळेचा कारभार. ते समुद्रात पडलं (एकदा तर माझ्यासकट), वाळूत पुरलं गेलं, आमच्या मागच्या दाराला अटकाव म्हणून पावसाळाभर राहिलं, तरी फिरायचं काही थांबलं नाही. फिरवताना गिरणीसारखा आवाज व्हायचा, एवढंच. मूठ तुटली तेव्हा मी तिथं कुकरच्या झाकणाची मूठ बसवली. (त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडं कुकर सांडशीनं उघडत होते. तो विषय घरात अजून निघतो.) रिळाच्या पोटाखाली एक खटका होता. मासा जोरात ओढायला लागला की खटका मागं करायचा, रीळ उलटं फिरून दोरा सुटतो. मासा दमला की खटका पुढं, आणि दोरा गुंडाळायचा. असं मी ऐकून होतो. मला तोवर ओढणारा मासा भेटला नव्हता. मी गळ टाकला की तो खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, अडकायचा, आणि खडप काही ओढत नाही.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना आमच्या लेकीला, प्राजक्ताला, तळा गावचं स्थळ आलं.

मुलाचे वडील नामदेवराव. भातशेतीवाले, अंगानं भरदार, बोलायला मोकळे. पोहे खाता खाता त्यांनी मला विचारलं, "मास्तर, साळा सोडून नाद कसला हाय तुमाला?"

"मासेमारीचा," मी म्हणालो. इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

"व्हय? काय धरता?"

"जिताडा!"

बायकोच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. प्राजू जमिनीकडं बघत होती, ती आणखी खाली बघायला लागली.

"मग झालं तर!" नामदेवरावांनी मांडीवर थाप मारली. "बोलनीला येऊ तवा तुमच्या हातचाच जिताडा खाऊ. बाजारचा न्हाय हां!"

"शब्द दिला!" मी म्हणालो.

पाहुणे गेल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "अहो, खाडीकाठच्या खाजणात जिताड्यांचं तळं आहे ना सुमनबाईंचं, त्यांना एक जिताडा सांगून ठेवते."

"काही गरज नाही. मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा आहे हो. मासा कुणाचा ते ठरवू या!"

मला ते लागलं. फार लागलं. लेकीच्या सासऱ्यापुढं मी आयुष्यात एकदाच ताठ बसणार, आणि तेही सुमनबाईंच्या तळ्यातल्या माशावर? मी तडक पनवेलच्या रोहनला फोन लावला. हा पोरगा ऑर्डरप्रमाणे गळाचे रॉड बनवून देतो. कार्बनचा दांडा परदेशातून मागवतो, त्यावर कड्या स्वतः बसवतो आणि त्या रेशमी दोऱ्यानं आवळून देतो.

"काका, अखंड बनवू या. मधे जोड नको, जोड आला की ताकद गेली. दोरा कुठला कलर?"

रंगाचा प्रश्न मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, ही चूक झाली. बायकोनं पैठणीच्या काठाचा फोटो पाठवला. प्राजूनं लिहिलं, 'बाबा, प्लीज, काळा.' माझ्या मेव्हण्यानं नेहमीप्रमाणे फुलांचा गुच्छ पाठवला. शेवटी रॉड जांभळा आणि सोनेरी झाला आणि त्यावर माझं पूर्ण नाव आलं. लांबून बघितलं तर पैठणी नेसलेली काठी वाटावी.

रोहन स्वतः भाजीच्या टेम्पोबरोबर रॉड घेऊन आला, टपावर बांधून. सोबत नवं रीळ. मी खोका उचलला आणि तो रीळ घालायला विसरला असं वाटून परत त्याच्या हातात दिला.

"आहे आत, काका. वेटच नाही त्याला!"

मी रीळ हातात घेऊन सवयीनं पोटाखाली बोट घातलं. बोट गुळगुळीत अंगावरून घसरलं. "खटका कुठंय रे?"

"कसला खटका?"

"उलटं फिरवायचा!"

"तो काढून टाकला ना आता. त्या फटीतून पाणी आत जायचं. आता कोणी उलटं फिरवत नाही, काका. मासा खेचायला लागला तर वरची ही चकती ढिली करायची, बस."

"आणि टिकेल किती?"

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "काका, दर साल नवीन मॉडेल येतं. टिकवून करणार काय?"

त्या क्षणी मला फार म्हातारं वाटलं.

अखंड रॉड घरात आणताना लक्षात आलं की आमचं घर अखंड नाही. मी हात वर करून उभा राहिलो आणि माझ्या डोक्यावर आणखी एक मी उभा केला, तर होईल एवढी त्याची लांबी! पडवीतून आत घेतला तर टोक देवघरात, तिथून वळवला तर बूड फोडणीत. शेवटी खिडकीतून अर्धा आत, अर्धा बाहेर असा ठेवला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या अर्ध्यावर टॉवेल वाळत होते. मी आरडाओरडा केला. बायको म्हणाली, "बरं, नाही घालत," आणि नुसत्या नॅपकिनांवर आली.

पण खरा घात झाला तो बोलणीच्या दोन दिवस आधी. मी केस कापून घरी येतो तर बायको परसात, आंब्याखाली. हातात माझा रॉड! रॉडच्या शेंड्याला झेला बांधलेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी! आमच्या झेल्याचा बांबू पोखरला होता आणि पाहुण्यांना आमरस तर हवा होता. ती एकेक आंबा हेरत होती, फांदीवर खट्ट आपटत होती आणि अलगद खाली घेत होती.

"अगं! अगं, काय करतेस हे!"

"अहो, काय हलकी आहे हो ही काठी! हात म्हणून दुखला नाही. तुम्ही आणलेली पहिली कामाची वस्तू!"

"तो रॉड आहे!"

"मग? एक ओरखडा पडलेला दाखवा!"

ओरखडा खरंच नव्हता. तरी मी रोहनला फोन केला.

"आपटला? कशावर?"

"फांदीवर. थोडासा. आमरसापुरता."

"काका, कार्बन कसा असतो, वाकवा किती पण. पण आपटला ना, की आतून जातो. वरून कळत नाही."

"मग कळणार कधी?"

"मोठा मासा लागला की."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे कधीच नाही!

शनिवारी संध्याकाळी बायकोनं शेवटचं विचारलं, "सांगू का सुमनबाईंना? अजून वेळ आहे." मी इतक्या ठामपणे नाही म्हणालो की ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग चक्क उठून वाटणाला बसली. आलं, लसूण, कोथिंबीर, ओलं खोबरं. चिंच भिजत घातली. मोठी परात घासून ठेवली. एवढ्या वर्षांत माझ्या मासेमारीवर तिनं पहिल्यांदा विश्वास ठेवला. मला तिच्या टोमण्यांची सवय होती. त्या विश्वासाची मात्र नव्हती.

रविवारी नामदेवराव पहिल्या एसटीनं एकटेच हजर! बाकीची मंडळी मागून जीपनं येणार होती. "म्हटलं, मास्तर धरतात कसं ते तरी बघू. आमच्याकडं पावसात पानी शेतात चढलं की मासं हातानं धरतात, पन ह्यो असला रंगीत दांडा न्हाय बा पायला!" पांढरा शर्ट, बोलणीसाठी मुद्दाम शिवलेली नवी पँट. त्या पँटीत ते माझ्यामागं खडपांवर चढले.

भरती चढत होती. मी प्लॅस्टिकचा खोटा मासा दोऱ्याला बांधला (त्याला पोटाशी आणि शेपटीशी तिहेरी काटे असतात) आणि फेकला. गुंडाळला. फेकला. गुंडाळला. नामदेवराव जांभई देऊन म्हणाले, "ह्येच करायचं असतं काय दिवसभर?"

आणि लागला!

खडप नाही, मासा! दोरा सणसणत निघाला, रॉड कमान झाला आणि पाणी फोडून एक रुपेरी धूड हवेत आलं. एवढा जिताडा! मान झटकली त्यानं, मी बघितलं! मला आनंदानं रडू यायला लागलं. माझ्या लेकीचं लग्न, बायकोची परात, माझा शब्द, सगळं त्या दोऱ्याला लोंबत होतं.

"सोडा! ढील द्या! ढील द्या!" नामदेवराव नाचत होते.

मी ढील द्यायला रिळाच्या पोटाखाली बोट घातलं. खटका! खटका कुठंय? बोट चाचपडतंय, चाचपडतंय, आणि वरची चकती मी पार विसरलो! घाईत फिरवली ती उलट्या बाजूला, म्हणजे आवळली. जिताड्यानं खोल बुडी मारली, आणि जिथं झेला बांधला होता तिथं कळलं.

धाड! दिवाळीतला बार उडावा तसा रॉड फुटला. शेंड्याचे तुकडे दोऱ्यात लोंबायला लागले. जिताड्यानं एक हिसडा दिला, काटा त्याच्या तोंडातून सुटला आणि ताणलेल्या दोऱ्यानं खोटा मासा गोळीसारखा परत आला. नामदेवराव चपळ. त्यांनी येताना बघितला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवायला नको होती.

"आये गं!"

तिहेरी काटा पँटीतून आरपार आतल्या चड्डीत आणि थोडासा नामदेवरावांत. काढायला गेलो तर ते ओरडत. पँट फाडू म्हटलं तर आणखी ओरडले, "पँट न्हाय फाडायची! बोलनीची हाय!" पकड माझ्या पिशवीत होती आणि पिशवी लाटेबरोबर गेली होती. मी दोरा दातानं तोडायला गेलो. या सगळ्या सामानात टिकाऊ निघाला तो तेवढा दोरा. माझी दाढ हलली.

रीळसुद्धा अडकलं होतं. दोरा सुटेना, पुढं मात्र फिरत होतं. म्हणजे चालताना हँडलला माझा धक्का लागला की नामदेवराव थोडे मागं ओढले जात. "मास्तर, हात काढा त्याच्यावरनं!" अशा अवस्थेत आम्ही गावातून निघालो. पुढं व्याही, मधे दोरा, मागं जांभळ्या-सोनेरी बुंध्यावर पूर्ण नाव लिहिलेला मी. देवळाच्या पारावरून कुणीतरी विचारलंच, "काय मास्तर, लागलं काय आज?"

"लागलाय की!" नामदेवरावांनीच उत्तर दिलं. "बघा ना, मीच लागलोय!"

अंगणात जीप पोचली होती. व्याहीण, नवरामुलगा, दोन मामा, सगळे ओळीनं उभे. बायको परात घेऊन धावत बाहेर आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, मग नामदेवरावांच्याही मागं बघितलं.

"मासा?"

मी फुटका बुंधा पुढं केला. तिनं टोमणासुद्धा मारला नाही. परात घेऊन आत गेली. खडपात जीव द्यावा असं मला अगदी खरं वाटलं त्या वेळी.

प्राजू कात्री घेऊन आली. "बाबा, ते हँडल सोडा आधी." तिनं दोरा कापला, नामदेवरावांना ओटीवर पालथं झोपवलं आणि इतक्या हलक्या हातानं काटा काढला की त्यांना कळलंही नाही. पँटसुद्धा वाचली. जिताड्याच्या वाटणात त्या दिवशी अंडी पडली. नामदेवराव उशीवर बसून जेवले आणि घासागणिक सांगत राहिले, "मासा व्हता हां! खोटं न्हाय. एवढा व्हता! मी पायला." बिचारे माझीच बाजू घेत होते. पण मामालोक रश्श्यातल्या अंड्याकडं बघत होते.

जेवणं झाली, पानं झाली, बोलणी निघाली.

नामदेवराव घसा साफ करून म्हणाले, "पोरगी गुनाची हाय. आमच्याकडनं होकार समजा. लगीन तळ्याला, आमच्या दारात. मांडव आमचा, जेवनखान आमचं. तुमी फकस्त या."

माझे डोळे भरून आले. "अहो, पण मुलीचा बाप म्हणून माझ्याकडून काहीतरी..."

"न्हाय, न्हाय, न्हाय!" ते उशीवरून अर्धवट उठले आणि त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. "काय बी आनायचं न्हाय! हात जोडतो मास्तर, तुमी रिकाम्या हातानं या!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. प्राजूनं बघितलं.

"येतो," मी म्हणालो. तेवढं मला जमतं.