बंडीच्या चाकाएवढं

बोरगावच्या बगिच्यात संत्री तोडून ठेवली होती, आणि रात्री अवकाळी पाऊस कोसळला. सकाळी व्यापारी मनोहरभाऊंचा अर्चनाला फोन आला. "पाच वाजेपर्यंत माल पांढुर्ण्याला माझ्या ट्रकवर चढला, तर पुऱ्या बहाराची वाहतूक तुमची. नाही तर ट्रॅक्टरवाला पाहतो."

अंगणवाडीतलं मदतनिसाचं काम सोडून अर्चनाने ही जुनी पिकअप घेतली होती. चारही चाकांनी ओढणारी. गेल्या आठवड्यात तिच्या दिराने, श्रीधरने, हौसेने मागे रुंद टायरांची नवी चाकं बसवून आणली. "रुबाब दिसला पाहिजे, वहिनी!" जुनी दोन अरुंद चाकं आज पांढुर्ण्यात विकायची म्हणून गाडीच्या हौद्यातच टाकली होती.

बगिच्याकडे जाणाऱ्या पांदणीत, शेतांमधल्या कच्च्या वाटेत, रिकामी गाडीच रुतली.

"फोर हाय टाका, वहिनी. चारही चाकं जोरात पळवून काढा!" शेजारी बसलेला श्रीधर म्हणाला.

तिने तसं केलं. गाडी गुरगुरली आणि आडवी झाली. इंजीन बंद करून ती खाली उतरली. मागच्या रुंद चाकांत काळी माती भरून ती मडगार्डला घट्ट बसली होती. पुढची अरुंद चाकं मात्र चिखल कापून खालच्या मुरमावर टेकली होती.

"भाऊजी, बैलबंडीचं चाक केवढं रुंद असते?"

"असंन चार बोटं."

"अन् बंडी रोज इथूनच जाते ना?"

संत्री तोडणारी अंबाबाई बांधावरून हसली. "आता बैल जुंपते का काय ही!"

"बैल नको. ती फळी दे, मावशी."

फळीवर जॅक लावून तिने मागची दोन्ही चाकं बदलली. श्रीधर नट आवळत होता. परतताना गाडी क्रेटांनी भरलेली होती. तिने लिव्हर फोर लोवर, चारही चाकांच्या संथ पण जोरकस ओढीवर घेतला, दुसरा गिअर टाकला, आणि अॅक्सिलरेटरवर पाय जेमतेम ठेवला. गाडी बैलाच्या चालीने पांदणीतून निघाली. डांबरी रस्ता लागताच तिने गाडी पुन्हा दोन चाकांच्या ओढीवर घेतली.

"आता काऊन काढलं? चांगली ओढून राहिली होती."

"कोरड्या रस्त्यावर चारही ओढली तर गिअर तुटतात, भाऊजी."

पावणेपाचला पांढुर्ण्यात क्रेट उतरू लागले. मनोहरभाऊ वाकून चिखलाने माखलेली चाकं न्याहाळत होते.

"उद्याचा बगिचा याच्याहून खराब आहे. सातला येता?"

"साडेसहाला येते."

श्रीधरने हळूच विचारलं, "वहिनी, ते रुंद टायर?"

"बगिच्यातच उतरवून ठेवले. अंबाबाई त्यावर बसून जेवून राहिली होती. तिला बरं वाटलं."