बसून पाहतो, मग सांगतो

त्या मॉनिटरखालचा लाकडी ठोकळा मी काढला होता. वेगळा कीबोर्डही मीच काढून माझ्या खणात ठेवला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ऐकायला यात कबुली देण्यासारखं काही वाटत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी तो माणूस सांगतो.

‘बसून पाहतो नं, मग सांगतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवीन खुर्ची असो, नवीन कॅन्टीन असो, की कंपनीने आणलेली एखादी नवी प्रणाली असो. बाकीचे लगेच मत देऊन मोकळे व्हायचे. हे मात्र बूट काढून टेबलाखाली सरकवायचे, मोज्यांवर बसायचे, चष्म्याच्या फडक्याने स्क्रीन पुसायचे आणि गप्प होऊन जायचे. मत मिळायचं ते दुसऱ्या दिवशी.

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भाऊच म्हणत, कारण ते सगळ्यांना भाऊ म्हणत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मूळचे वर्ध्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढूनही ‘काय करून राहिला?’ सुटलं नव्हतं आणि आमच्यातल्या पेठी मंडळींनी त्याची नक्कल करणं सोडलं नव्हतं. ते नकलेला मनापासून हसायचे. नक्कल चुकली तर दुरुस्तही करून द्यायचे.

एकदा भाड्याचं घर पाहायला मला सोबत घेऊन गेले. घरमालक सदाशिव पेठेतले. दोन खोल्या दाखवून झाल्यावर भाऊ म्हणाले, “जरा खुर्ची मिळेल का? बसून पाहतो.”

“अहो, मी घर भाड्याने देतोय. खुर्ची नाही.”

“हरकत नाही, मग खाली बसतो.” आणि खरंच बसले. प्रत्येक खोलीत पाच-पाच मिनिटं, फरशीवर, मांडी घालून. स्वयंपाकघरात जरा जास्तच. शेवटी उठून म्हणाले, “दुपारचं ऊन सरळ ओट्यावर येते. बायकोले त्रास होईल.”

घरमालक दार लावता लावता म्हणाले, “पुढच्या वेळी अंथरूणही घेऊन या. झोपून बघा. म्हणजे आमचंही समाधान होईल.”

भाऊ जिन्यात बराच वेळ हसत होते. पुढे त्यांनी येरवड्याला घर घेतलं, तेही बसून पाहूनच.

त्यांचं काम म्हणजे तपासणी. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो आणि ते त्यातल्या चुका शोधायचे. अशा माणसाशी प्रोग्रॅमरांचं फारसं पटत नाही. तुमच्यापैकी या धंद्यातले जे असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको. चूक सापडली की ती प्रणालीत नोंदवायची, म्हणजे साहेबापासून सगळ्यांना दिसते. भाऊंचं तसं नव्हतं. माझ्या पहिल्या मोठ्या कामात त्यांना अशी चूक सापडली होती की मला नोकरी टिकवणं अवघड गेलं असतं. त्यांनी ती एका कागदावर लिहिली आणि कागद पालथा करून माझ्या टेबलावर ठेवला. “उद्या अकराला नोंदवतो. तोवर तू पाहून घे.” दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नोंदवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी त्याचा उल्लेखही परत कधी केला नाही.

मग मंदीचे दिवस आले. परदेशातली कामं आटायला लागली. त्यातच कंपनी शहरातली भाड्याची जागा सोडून नव्या इमारतीत जाणार असं ठरलं, आणि सगळ्यांना एक फॉर्म आला. तुम्हाला काय हवं: डेस्कटॉप, की लॅपटॉप आणि सोबत वेगळा मॉनिटर? खाली एक रकाना, ‘अभिप्राय असल्यास.’ पॅन्ट्रीशेजारी एक टेबल मांडलं होतं, कोणालाही बसून बघता यावं म्हणून. लॅपटॉप, त्याला जोडलेला मॉनिटर, मॉनिटरखाली उंचीसाठी ठोकळा, पुढे वेगळा कीबोर्ड आणि माऊस. टीमच्या मशीनची यादी आणि साठा माझ्याकडे असल्यामुळे ते टेबलही माझ्याच ताब्यात होतं.

एक दिवस मॅनेजरने मला आत बोलावलं. आमच्या अकरा जणांच्या टीमला दहा लॅपटॉप येणार होते. नऊ नावं वरूनच ठरून आली होती. राहिला एक लॅपटॉप आणि राहिलो दोघं, भाऊ आणि मी.

“ते सीनियर आहेत. आधी त्यांना विचार,” मॅनेजर म्हणाला. “त्यांना लॅपटॉप हवा असेल तर त्यांचं नाव टाक. नको म्हणाले तर तुझं.”

“मी डेस्कटॉपवर राहिलो तरी चालेल,” मी म्हणालो. त्या वेळी ते खरंच होतं.

त्याने दार लोटलं. “नाही चालणार. नव्या जागेत डेस्कटॉप जाणार नाहीयेत. एकही नाही. समजतंय ना मी काय सांगतोय? आणि हे बाहेर बोललास तर तुझं नाव दोन्हीकडे नसेल.”

मला समजलं. मांजरी गावात फ्लॅट घेतला होता, हप्ते नुकतेच सुरू झाले होते, बायकोला सातवा महिना होता. अशी कारणं भाऊंकडेही होती. एक मुलगी शाळेत, वर्ध्याला एकटी आई.

खरं तर आईमुळेच त्यांचा ओढा लॅपटॉपकडे होता. मला वाटलं होतं, हा जुना माणूस, आपण होऊन डेस्कटॉप मागेल आणि माझ्या डोक्याला काही त्रास राहणार नाही. पण ते वहीत दोन रकाने आखून माझ्याकडे आले. एका बाजूला डेस्कटॉप, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि मॉनिटर.

“पाह्य भाऊ. टेबलाशी बसलं की दोन्ही सारखंच. मॉनिटर मोठा, कीबोर्ड वेगळा, फरक काय उरला? पण हे उचलून वर्ध्याले नेता येते. महिन्यातले चार-पाच दिवस आईजवळ बसून काम केलं तर कोणाचं काय जाते?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“फक्त मानेचं पाहावं लागेल. दोन मिनिटं बसून काही कळत नाही. मला ते टेबल एक पूर्ण दिवस दे. बसून पाहतो, मग सांगतो.”

त्यांच्या मानेच्या मणक्याचा जुना त्रास होता. खाली वाकून फार वेळ बघता येत नसे. डबा खातानासुद्धा ते ताटली हातात धरून हनुवटीपर्यंत वर आणायचे. हे आम्ही सगळे रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचलो. ठोकळा काढला. कीबोर्ड आणि माऊस काढले. मॉनिटर जरा उजवीकडे सरकवून तिरका केला. सगळं मिळून पाच मिनिटांचंही काम नव्हतं. नीट, कामासारखं केलं.

भाऊ आले, बूट काढले, बसले.

“कीबोर्ड कुठं गेला रे?”

“वेगळा देणार नाहीत म्हणे. लॅपटॉपचाच वापरायचा.”

“अन् मॉनिटर इतका खाली?”

“तसाच मिळणार आहे. वरून आलंय.”

त्यांनी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. इतकी वर्षं एकाही प्रोग्रॅमरच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. ‘चालतंय’ म्हटलं की ते स्वतः चालवून बघायचे. त्या दिवशी मात्र माझ्या शब्दाची तपासणी त्यांनी केली नाही. कंपनीच्या साठ्याच्या खोलीत जाऊन विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं.

दुपारी बघितलं तर डावा हात मानेवर होता. चारच्या सुमारास त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून मानेमागे घेतली होती. तरीही उठले नाहीत. एक दिवस म्हणजे एक दिवस. मी दोनदा पॅन्ट्रीत चहा घ्यायला गेलो आणि दोन्ही वेळा लांबच्या वाटेने परत आलो.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. मान न वळवता, सगळं अंग वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, “नाही बाप्पा. मान कामातून गेली.” मग फॉर्म पुढे धरून, “पण आईचं जमलं असतं रे. काय करू? तू सांगशील ते भरतो.”

त्या क्षणीसुद्धा वेळ गेली नव्हती. मला फक्त खण उघडायचा होता.

“मान सांभाळा भाऊ,” मी म्हणालो. “डेस्कटॉप घ्या.”

त्यांनी डेस्कटॉपपुढे खूण केली. अभिप्रायाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘पूर्ण दिवस बसून पाहिले. मान दुखली. डेस्कटॉप बरा.’ खाली सही केली. आम्हा अकरा जणांत अभिप्राय लिहिणारे तेवढे एकच.

सहा आठवड्यांनी त्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. अर्ध्या तासाने परतले, ते खुर्चीवर बसलेच नाहीत. तिच्या पाठीला हात लावून उभे राहिले.

“फॉर्म दाखवला त्या एचआरच्या पोरीनं,” ते म्हणाले. “म्हणे, सर, तुम्हीच डेस्कटॉप निवडला, ते काम आता नव्या जागेत नाही. म्हणे, तुमचा अभिप्रायही आहे.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, यांनी आपल्याला फसवलं रे. आपल्याच हातानं लिहून घेतलं.”

मलाही धरून म्हणाले. फसवणाऱ्यांत कंपनी होती, मॅनेजर होता, ती वरची मुलगीही होती. मी त्यांच्या बाजूला होतो.

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांचं सामान रिक्षापर्यंत मीच नेलं. फार काही नव्हतं. डबा, टॉवेल, बसायची गादी, वह्यांचा एक गठ्ठा. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “तुझं लॅपटॉपमध्ये झालं नं?”

“झालं.”

“बरं झालं. पोर येणार आहे घरात. एक तरी वाचला.”

वर्षभराने ते येरवड्याचं घर विकून वर्ध्याला गेले. तिथे मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागले. आई पुढे चार वर्षं होती, ती चारही वर्षं आपण तिच्याजवळ होतो, तेवढं चांगलं झालं, असं ते फोनवर म्हणायचे. मी त्या वाक्याला पुष्कळ दिवस धरून होतो. मनाशी हिशेबही जुळवून बघितला: बघा, शेवटी त्यांचं भलंच झालं. पण ते भलं त्यांनी त्यांचं करून घेतलं होतं. त्यात माझं काही नव्हतं. नोकरी गेल्यावर पहिलं वर्षभर ते कुठेकुठे अर्ज करत होते आणि त्या वयाच्या तपासनिसाला कोणी उभं करत नव्हतं, तेही मला माहीत होतं. अर्जांवर ओळखीचा माणूस म्हणून ते माझं नाव देत.

मी त्या लॅपटॉपवर नव्या इमारतीत तीन वर्षं काम केलं. बढती मिळाली. त्यांना दर दिवाळीला फोन करत राहिलो, आणि फोन ठेवल्यावर दर वेळी बायको म्हणायची, “किती जपतोस रे तू माणसं.”

मागच्या जून महिन्यात त्यांचाच फोन आला. आवाज थोडा बारीक झालाय. मुलगी नोकरीला लागली होती, पुण्यातच, अर्धे दिवस वर्ध्याच्या घरून काम.

“घरी मांडायचं आहे तिला. डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप आणि वेगळा मॉनिटर? ती म्हणते लॅपटॉप. मी म्हटलं थांब, आपला माणूस आहे तिथं, त्याले विचारू.”

मी त्यांना सगळं सांगितलं. इतकं मन लावून मी कधी कोणाला काही सांगितलं नसेल. लॅपटॉप घ्या. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या, खाली काहीतरी ठेवून उंच करा. कीबोर्ड वेगळाच घ्या, लॅपटॉपचा वापरू देऊ नका. मॉनिटर समोर, तिरका नको. असं मांडलं की मानेला काहीही होत नाही, डेस्कटॉपइतकंच सोयीचं.

ते लिहून घेत होते. मध्ये मध्ये ‘हौ, हौ’ ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

“अरे,” भाऊ म्हणाले, “मग माझ्या वेळेस काहून दुखली मान?”

रागाने विचारलेलं नव्हतं. चूक सापडली की ते असंच विचारायचे, खरंच कळून घ्यायला.

“तेव्हाचे मॉनिटर तसलेच होते भाऊ,” मी म्हणालो.

“हौ. तेव्हाचं सगळंच तसं होतं,” ते म्हणाले, आणि मुलीला हाक मारून मी सांगितलेलं वाचून दाखवू लागले.

त्यांनी ते मान्य केलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यांचा नंबर तोच आहे. वर्ध्याला जायला एक रात्र लागते. हे सगळं इथे तुमच्यापुढे मांडलं, पण तुम्ही मला काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं त्यांनी. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.