वहिनी, कोबाल्ट आणि कानबाईचे रोट

मी आमच्या थोरल्या वहिनींना किरणोत्सर्गी म्हणून जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं.

वहिनींच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पुढे शेक घ्यायला सांगितला. शेक कोबाल्टच्या किरणांचा. पण आमच्याकडे गरम विटेचा असो की गॅमा किरणांचा, शेक तो शेकच. तो जळगावला मिळणार होता आणि जळगावला मी होतो. निवृत्त, रिकामा आणि बी.एस्सी. यातलं शेवटचं सगळ्यात घातक निघालं.

वहिनी गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. शेकाच्या दिवशी आम्ही दीर-भावजय रिक्षाने दवाखान्यात जायचो. त्या खोलीच्या भिंती किल्ल्याच्या असाव्यात तशा जाड, दारावर तीन पाकळ्यांचं ते धोक्याचं चिन्ह. आतला माणूस वहिनींना टेबलावर निजवायचा, मशीनचं तोंड नीट जुळवायचा, आणि मग स्वतः झटकन बाहेर येऊन दार लावून घ्यायचा. बाहेरच्या टीव्हीवर वहिनी एकट्याच पडलेल्या दिसायच्या.

हे मी बारकाईने पाहिलं आणि शास्त्रीय निष्कर्ष काढला. ज्या अर्थी पगारी माणूससुद्धा बाहेर पळतो, त्या अर्थी वहिनी धोकादायक आहेत. धोका मशीनचा असेल, हे डोक्यात आलंच नाही. मशीन दवाखान्यातच राहायचं. रिक्षात माझ्याशेजारी वहिनी बसायच्या.

मग मोबाइल उघडला. कळलं ते असं: साधा कोबाल्ट गरीब धातू, पण अणुभट्टीत ठेवला की त्याचा कोबाल्ट-साठ होतो आणि हा गॅमा किरण फेकत सुटतो. साधारण सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो, पुढच्या सव्वापाच वर्षांत उरलेल्याचा निम्मा, आणि असं झिजत झिजत त्याचं निकेल होतं. मी हा हिशोब वहिनींच्या वयात मिळवून पाहिला. त्यांचं निकेल होणं काही माझ्या हयातीत दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी घरात नियम लागू झाले. वहिनींचं ताट वेगळं, गोधडी वेगळ्या दोरीवर, नातवंडांनी दहा फूट लांब.

"आणि मी रोज त्यांच्या पाठीला तेल लावते ते?" बायको म्हणाली.

"नंतर साबणाने हात धूत जा."

"किरण साबणाने जातात?"

हे मोबाइलवर दिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "वाद घालू नकोस, हे विज्ञान आहे."

वहिनी वेगळं ताट स्वतःच घासून वेगळं ठेवायला लागल्या. मला वाटलं, बाई समजूतदार आहेत.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण श्रावण आला आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, आणि सगळी भाऊबंदकी एका चुलीवर. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचा, त्याच्या पिठाचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. दळणाआधी गिरणीसुद्धा धुऊन घेतात. या गिरणी धुण्यावर मी दरवर्षी भाषण करत आलोय. सोवळं-ओवळं, जुनाट खुळं, वगैरे. लोक ऐकून घेतात, कारण जेवण व्हायचं असतं.

आता त्याच मी गावी फोन लावला. आमच्या भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्या नानांना सांगितलं, "यंदा वहिनींचा हात पिठाला लागू देऊ नका. त्यांच्या अंगात कोबाल्ट आहे."

नाना खूश होऊन म्हणाले, "म्हंजे तुनं सायन्स बी सोवळं पाळस? इतला दिवस सांगं नही ते?"

रोट नानांच्या धाकट्या सुनेने करावेत असं ठरलं. ते वहिनींना कळवायचं कामही नानांनीच फोनवरून केलं, माझ्या नावानिशी.

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात उभी आणि वहिनी खाटेवर. उठेनात.

"लगीन व्हयनं तैपासून रोट मीच करस," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "शेक घीसन कानबाई सुटत व्हई, ते माले शेक नको. जितला व्हयना तितला बस."

थोडेच शेक उरले होते. मध्ये खंड पाडू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, बायको माझ्याकडे बघत होती, आणि माझी बी.एस्सी. कुठे तोंड लपवावं ते शोधत होती. गाठीने जे केलं नसतं ते मी करून बसणार होतो. शेवटी बायकोच म्हणाली, "अक्का, शेक नका घेऊ. नुसतं तिथं जाऊन विचारून या. यांना नका विचारू."

किरणांचा हिशोब ठेवणाऱ्या तिथल्या बाई शास्त्रज्ञ होत्या. वहिनींनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "बाई, मना हातना रोट पोरेस्नी खादा ते चाली का?"

"चालेल की. का नाही चालणार?"

वहिनींनी सगळं सांगितलं. ताट, गोधडी, दहा फूट, सव्वापाच वर्षं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"मावशी, कोबाल्ट मशीनच्या डोक्यात आहे, शिशाच्या आड. शेकापुरता उघडतो, मग परत झाकतो. झाकला की किरण संपले. एक्स-रे काढून घरी गेल्यावर कुणी अंधारात चमकतं का? थायरॉइडला एक किरण फेकणारं औषध पाजतात, त्यात थोडे दिवस जपावं लागतं. तुमचं तसं नाही." मग टेबलावरची इंजेक्शनची सुई उचलून म्हणाल्या, "अशा सुया, हातमोजे कोबाल्टच्याच किरणांनी निर्जंतुक करतात. कांद्याला कोंब फुटू नये म्हणूनही असेच किरण देतात. तो कांदा आपण खातोच ना?"

"आणि सव्वापाच वर्षं?" मी विचारलं. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"ती मशीनची. आमचा कोबाल्ट म्हातारा होत चाललाय, म्हणून तेवढाच शेक द्यायला जरा जास्त वेळ लागतो. मावशींना हे कुणी सांगितलं?"

वहिनींनी नाव घेतलं नाही. नुसतं वळून पाहिलं. नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशीचा शेक झाला. उरलेलेही झाले. घरी आल्यावर वहिनींनी वेगळं ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि बाकीच्या भांड्यांत आपल्याला दुसरं शोधलं. मी ते ताट मुकाट्याने वापरलं.

कानबाईला आम्ही सगळे गावी गेलो. गिरणी धुतली जात होती. मी भाषण केलं नाही. सुपात गहू घेऊन वहिनी मधोमध बसल्या होत्या, अंगाने उतरलेल्या, पण मूठ जुनीच. एकेकाचं नाव घ्यायच्या आणि सव्वा मूठ टाकायच्या. माझं नाव आलं आणि हात थांबला.

"का वं, याना टाकस नही का?" नानांनी विचारलं.

वहिनींनी सव्वा मूठ टाकली, सूप झटकलं आणि म्हणाल्या, "टाकस ना. पन भाऊजीस्ना डोकामा जे भरेल शे, ते सव्वापाच वरीसमा निम्मं व्हई. तवपावत यास्नं ताट दहा फूट दूर मांडा."