वाळुंजातला डबा

निवृत्त झाल्यावर आमच्या यांना एक खेळ लागला. डबा कुठंतरी लपवायचा, जागा मोबाइलवर टाकायची; ज्याला सापडेल त्यानं आतली एक वस्तू न्यायची आणि आपली एक ठेवायची. परदेशातल्या मुलानं शिकवलेलं खूळ. यांनी डबा लपवला तो जानेफळजवळच्या नाल्यात, वाळुंजाच्या दाट झाडीत, जिथं गुरंही शिरत नाहीत. दर रविवारी बघायला जायचे आणि तोंड पाडून परत यायचे.

"इथं कोन खेळते हे? तुमाले दुसरं काम नाही काय?" मी चिडायचे.

पण ते पडलेलं तोंड मला बघवेना. एका शनिवारी दुपारी हे झोपल्यावर मीच गेले. गुडघाभर चिखलात रुतत, फांद्यांचे फटके खात डबा गाठला. आतली शिट्टी घेतली, नवा कंगवा ठेवला. चिखलाच्या चपला न्हाणीमागे दडवल्या.

रविवारी हे हसतच आले. "अवं, कोनाले तरी डबा सापडला."

"हाव काय?" म्हणत मी चपला धुवायला न्हाणीमागे गेले. त्या आधीच स्वच्छ धुतलेल्या होत्या, आणि वाळून खडखडीत झाल्या होत्या. घरात आम्ही दोघंच राहतो.