भितीवरून आयकलेली सिरियल

आंबागडाच्या पायथ्याशी आमचं घर. ज्या साली भंडाऱ्यातून गोंदिया निंगून गेला, त्याच साली आमच्या एका घराचे दोन झाले. लोक पारावर बसून म्हनत, जिल्हा वाटला, जिल्हा वाटला. मी म्हनो, जिल्ह्याचं मले नोका सांगू, मायी सपरी, घरापुढची ओसरी, वाटली.

मायं मानूस जंगलात लाकूडकटाईले गेलं. झाड आंगावर पडलं. बाजीवर टाकून आनलं. पोरगं तवा बाजीचा पाय धरून उभं रायाले शिकत होतं. मी लय रडली नाई. रोवना सुरू होता, धानाचे परे, कवळी रोपं, उपटून ठेवले होते. परे कोनासाठी थांबत नाईत. तेरवी झाली अना मी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखलात उतरली.

मंग माये भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, त्याईनं घराच्या बीचात भित घातली. टीव्ही त्याईच्या वाट्याले गेला, जातं मायाकडं रायलं. जाऊ बाजूले उभी होती, तोंडातून एक शब्द नाई काढला तिनं. जाऊ म्हंजे कोनी परकी नोयती. मायाच माहेरची, नाकाडोंगरीची. आमी एकाच विहिरीवर पानी भरलं. तिनंच मायं लगन ह्या घरी जमवलं. म्हनून मले भितीपेक्षा तिचं चूप रायनंच जास्त लागलं. मी आंगनात उभी राहून म्हनलं, "आजपासून ह्या भितीपल्याड माया पाय पडनार नाई."

अना नाई पडला. भासरे वारले तवाही मी आंगनातूनच हात जोडले.

आमच्यात लगनात पोरीचं नाव बदलवतेत. मायंही बदललं. माहेरचं नाव माहेरीच रायलं. सासरचं नाव मानसानं घेतलं तेवढं घेतलं, मंग तेही कोनी घेईना. पोराची माय, नाई तं भितीपल्याडची. एवढ्यात भागलं.

आता सिरियलचं सांगतो. ते भित मातीची होती, अना छपराच्या कवेलूपर्यंत गेली नोयती. वरतून हातभर खुली. पल्याडचा भाजीचा वास इकडं ये, मायाकडचा धूर तिकडं जाये. रविवारी सकाळी पल्याड टीव्ही लागे, त्याचा आवाज त्याच फटीतून ये. मी खाली बसून तांदूळ निवडो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधो, अना कान वर. एक बाई होती, आकाशात चांदन्याईतून फिरे, म्हनून आमी तिले तारेवाली म्हनो. कई मांगच्या जमान्यात जाये, कई पुढच्या. तिच्यासंग एक मानूस होता, त्याचा आवाज टिनाच्या डब्यात बोलल्यासारखा. मले वाटे बिचाऱ्याले बारा महिने सर्दी.

मी ते सिरियल कई पायली नाई. नुसतं आयकलं. कितीक वरस चालली ते सिरियल. माया पोरगा शाळेत गेला, शाळेतून निंगाला, तरी चालूच.

पयल्याच दिवशी ते बाई हिंदीत रडून म्हने, "मेरी नाव चोरी हो गई!" मी निवडनं सोडून वर पायलं. नाव चोरीले गेलं! हिंदीत नाम म्हनतेत हे मले मालूम होतं. पन आमच्या इकडची हिंदी तरी कुठं सोवळी हाये? वाटलं, आमच्यासारख्याईले समजावं म्हनून टीव्हीवाल्याईनं मराठी मिसळली असन.

अना सारं जुळून ये ना! एक डाव कोनी दुश्मन म्हने, "इसकी नाव डुबो दो." म्हनलं, बरोबर हाये, दुश्मन मानसाचं नावच बुडवते. मंग तिचे संगवाले तिले सोडून गेले. तवा ते ठासून म्हने, "मैं अकेली ये नाव चलाऊँगी!" माया हातातलं सूप खाली पडलं. मीही तं तेच करून रायली होती. मानूस गेलं, मी एकटी नाव चालवून रायली होती. त्या दिवशी मी उभी राहून दोन घास जास्त जेवली.

रोवन्यात बाया लायनीनं वाकून रायत. कंबर मोडे. मंग कोनीतरी म्हने, "सांग वं, त्या तारेवालीचं काय झालं?" मी सांगो.

"ह्या रविवारी तिच्या नावाले छेद पडला."

"नावाले छेद कसा पडते वं?"

"तुयी शेजारीन तुले दिवसभर नावं ठेवते, तवा काय होते? छेदच पडते ना!"

बाया चिखलात बसून हासत. बांधीचा मालक धुऱ्यावरून ओरडे, "हात चालवा, तोंड नोका चालवू!" आमची लायन मंग सपासप पुढं जाये.

पन माया जीव एकाच गोष्टीत अटकला होता. तिले तिचं नाव वापस भेटते का नाई? शेवटच्या रविवारी ते जोरात बोंबलली, "वो रही! वो रही मेरी ना..." अना लाइन गेली. साऱ्या गावाची. लाइन आली तवा बातम्या लागल्या होत्या. सिरियल खतम. कोनाले विचारू? पल्याड जाऊ होती, पन तिले मी विचारनार होती का? तिची बी लाइन गेलीच होती म्हना.

ते गोष्ट माया मनात तशीच रायली, दातात अटकलेल्या सुपारीसारखी. सून आली, नाती झाल्या, तरी कई कई भाकर थापता थापता मनात ये, भेटलं असन का तिले?

मंग मांगच्या उन्हाळ्यात सून म्हने, "आई, तुमची ते तारेवाली येऊन रायली. सिरियलले लय वरस झाले म्हनून खास भाग हाये रविवारी. जुने सारेच येतेत."

मले रातभर... नाई, खोटं कायले सांगू, झोप चांगली लागली. पन सकाळी उठल्याबरोबर तेच आठवलं. आता आमच्या घरीही टीव्ही हाये. पन माकडाईनं वरतून उड्या मारून टीव्हीची छत्री वाकडी केली, तवापासून नुसत्या मुंग्या दिसतेत. मोबाईलवर पाहू म्हनलं तं गडाखाली रेंज नाई. सून हळूच म्हने, "पल्याड मोठ्या आईकडं टीव्ही चालू हाये. त्याईचे सारे लाखनीले लगनाले गेले. त्या एकट्याच हायेत, डोळ्याचं आपरेशन झालं ना त्याईचं."

 रविवारी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली. अना भितीले वळसा घालून आंगनातून तिच्या दारात गेली. पाय उंबरठ्याजवळ थोडा थांबला. आतून तिकडचं ते गानं सुरू झालं, सिरियलचं. मंग पाय आपोआपच आत पडला.

जाऊ खाटेवर बसली होती. काळा गोगल, टीव्हीकडं पाठ, तोंड भितीकडं. डॉक्टरनं टीव्ही पाहाले मना केलं होतं.

"कोन हाये?"

"मीच."

"भितीपल्याडची?"

"हो, बाई."

"मंग बस. का आता बी कवेलूखालूनच आयकतं?"

मी बसली. तोंडातल्या तोंडात म्हनलं, "गोगल घालून बसली, जशी हिरोइन."

"हिरोइन टीव्हीत येऊन रायली. तू तिकडं पाय."

मी चमकली. एवढ्या हळू बोललेलं! "बाई, तुले आयकू आलं?"

"काहून नाई येनार? मले उंदीर कुरतडते तेही आयकू येते."

"तू तं बहिरी हायेस ना? भासरे रोज ओरडत, आवाज कमी कर, सारं घर दनानते. अना तू म्हने, मले कानानं कमी आयकू येते."

जाऊनं गोगल नाकावर नीट केला. "मंग दुसरं काय सांगतलं असतं त्याईले?" म्हने.

मी तिच्या पाठीकडं पायलं. मंग भितीवरच्या त्या फटीकडं. तो आवाज ह्याच फटीसाठी मोठा होता तं! तेवढ्यात टीव्हीत ते आली.

माया मनातली तारेवाली मायासारखी होती. काळी, वाळकी, हाताले भेगा. हे तं गोरीपान, जाडजूड.

"बाई, हे गोरी हाये वं!"

"पयलेपासूनच हाये. आता कशी दिसते?"

"केस पांढरे झाले."

"दात?"

"सारेच हायेत."

"मंग पैसेवाली हाये," जाऊ म्हने. "अना तो टिनाचा?"

मी पायलं. सर्दीवाला मानूस नोयताच तो. धानाच्या कोठीवर भाताचा गंज, पातेलं म्हना, उलटा ठेवल्यासारखं काईतरी होतं, अना त्याचे डोळे लाल लाल लुकलुकत. मी तिले तसंच सांगतलं. आता आयकनारी ते, अना पाहून सांगनारी मी.

मंग सारे जुने लोक एका जागी जमले. ते म्हातारी पुढं आली, बोट दाखवून म्हने, "वो रही मेरी नाव!"  म्हनलं, आता कळते. अना टीव्हीत काय दिसावं? चांदन्याईत तरंगता एक डोंगा.

"बाई, हा डोंगा कायचा?"

"तिची नाव व ते."

"नाव कुठं हाये? डोंगा हाये. आपल्या तलावात ढिवर मासे धरासाठी नेतेत, तसा."

"अवं, हिंदीत डोंग्यालेच नाव म्हनतेत."

मी टीव्हीतल्या डोंग्याकडं पायलं. मंग विचारलं, "म्हंजे हे बाई इतके वरस डोंगा शोधून रायली होती?"

"मंग तू काय समजली?"

"मी समजली तिचं नाव हरपलं. मायबापानं ठेवलेलं. ते शोधून रायली."

 जाऊची पाठ हालाले लागली. मले वाटलं रडते. हासत होती! "अवं, मले हासवू नोको, डॉक्टरनं हासाले मना केलं," म्हने अना खाट धरून हासे. मलेही आलं. आमी दोघी म्हाताऱ्या अशा हासलो की तिचा गोगल खाली पडला अना तो भाग कवा संपला ते समजलं बी नाई.

डोळे पुसाले मना होते, म्हनून मीच पदरानं तिचे गाल पुसले. मंग ते म्हने, "सांग मले तुयी गोठ. पयल्यापासून." मी सांगतली. चोरी, छेद, बुडवनं, एकटीनं चालवनं, सारं. ते आयकत गेली. शेवटी म्हने, "मी एवढे वरस डोळे फोडून डोंगाच पायला. तुयी गोठ चांगली होती. मंग भेटलं का तिले नाव?"

"कुठून भेटते? लाइन गेली ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होती. पल्याडून भितीवरून हाक आली. डोळ्यात औषध टाकाले तिच्याकडं कोनी नोयतं. तिनं हाक मारली ते माया माहेरच्या नावानं. नाकाडोंगरीच्या विहिरीवर मारे तशीच, शेवटचं अक्षर लांबवून.

सून बाहेर आली. "मोठ्या आई कोनाले बलावून रायल्या? ह्या नावाचं तं इथं कोनीच नाई."

"हाये," मी म्हनलं. "ओ, आली वं!" अना हात धुऊन गेली.