दावीद राजाच्या वंशातला फिटर

पन्नासच्या दशकात बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत माझ्याइतकं सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारा फिटर दुसरा नव्हता. साकीनाक्याच्या कारखान्यात मी नऊ माणसांचं काम एकटा उरकायचो. दहावा आलाच तर त्याला चहा आणायला पिटाळायचो. पण आईला घेऊन मुलुंडला मुलगी बघायला गेलो आणि माझी सगळी ऐट उतरली. करंज्यांची बशी ठेवून ती आत वळायच्या आत मला पसंत पडली होती, आणि पुढच्या रविवारी तिच्यासाठी मोठ्या घराण्यातलं दुसरं स्थळ येणार होतं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमच्यात मुलगा नंतर, घराणं आधी.

"घराणं कुठलं तुमचं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

आजोबा अलिबागकडे तेलाचा घाणा हाकायचे. तोंडातून मात्र निघालं, "दावीद राजाचं."

आईनं असा चिमटा काढला की त्याचा वळ पुढं लग्नाच्या फोटोत आला.

"कुठल्या शाखेतून?"

दावीदच्या वंशावळीत, आमच्या धर्मग्रंथात, नावांची ही लांबलचक रांग आहे. अगदी शेवटी उभा अनानी, सात भावांतला धाकटा. त्यानं काय केलं, कुठं गेला, पुढं अक्षर नाही. असा पूर्वज मिळायला नशीब लागतं!

"अनानीपासून," मी म्हटलं. "सगळे भाऊ बायकांना घेऊन गलबतात बसले. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, आपण लहानपणापासून ऐकतो ना? तेच हे सात भाऊ!"

वडिलांचा चष्मा नाकावर घसरला. "म्हणजे आम्हीसुद्धा राजघराण्यातले?"

"तुम्ही तर थोरल्याचे. नाकावरून दिसतंय."

ते खुर्चीत इतके ताठ झाले की मला वाटलं, आता मुकुट मागतात.

तेवढ्यात मुलीची आत्या म्हणाली, "अगो बाई! मग हा आपला चुलत झाला की! मामाची मुलगी करतात, चुलत बहीण कोण करतं? संपलं. रविवारचं स्थळ बघू या."

वाट लागली! माझ्याच राजघराण्यानं माझं लग्न मोडलं. "खरं सांगू का," मी घाम पुसत सुरू केलं, "माझे आजोबा..."

"आत्या," पडद्याआडून मुलीचा आवाज आला, "त्या सात बायकांचे भाऊ मागच्या गलबतातून आले होते ना, बहिणींना माहेरी न्यायला? आपण त्यांचे."

मी हादरलो. इतकं सफाईदार खोटं मलाही जमलं नसतं.

"म्हणजे तू मामाकडची?" आत्या बोटांवर हिशेब करू लागली.

"आणि आपण राजे नाही?" वडील हिरमुसले.

"राजाचे व्याही, बाबा."

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ही पोरगी जन्मात खोटं बोललेली नाही," ते म्हणाले. "ज्याच्यासाठी आज बोलली, त्यालाच द्यायला हवी. रविवारवाल्यांना नको म्हणून कळवा."

ते मागचं गलबत कुठल्या बंदराला लागलं, हे आत्यानं अगदी लग्नाच्या मांडवातही विचारलं. माझ्या बायकोनं तिला दर वेळी निराळं बंदर सांगितलं.