नारळाचे तीन डोळे

मानसिंगरावांना आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत लहानथोर सगळे प्रोफेसर म्हणायचे. ते विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विभागात होते एवढं आम्हाला ठाऊक होतं. विभागात नेमके कोण होते, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. दोन्ही बाजूंची सोय होती. सोसायटीत एक प्रोफेसर असलेला बरा दिसतो.

त्यांना एकच खोड. दुसऱ्याच्या अंगणात झाड दिसलं की बोटं शिवशिवायची. चहाला म्हणून येणार आणि जाताना तुळशीचा शेंडा खुडून जाणार. माझी जास्वंद, पद्माबाईंचा मोगरा, कुणाची कुंडी म्हणून सुटली नाही. रागावलं तर व्याख्यान ऐकावं लागे, त्यामुळे कुणी रागवत नसे.

ते व्याख्यान वीस वर्षांत आम्हाला आरतीसारखं पाठ झालं. शेंड्याच्या टोकावर, मोहरीच्या दाण्याहून बारीक जागेत, मूळपेशींची वस्ती असते. (शेंड्यात मूळ कुठून आलं, असं पद्माबाईंनी एकदा विचारलं आणि त्यांची भाजी करपली.) या पेशींतल्या काही कायम कोवळ्या राहतात, काही बाजूला सरकून पान होतात, खोड होतात. खालच्या पेशी वरच्यांना सांगतात, तुम्ही अशाच राहा. वरच्या उलट निरोप धाडतात, पुरे, गर्दी नको. म्हणून झाड माजत नाही आणि संपतही नाही. शिवाय शेंडा खाली हुकूम सोडतो. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, म्हणजे फांदीचा कोंब. शेंडा त्याला म्हणतो, झोप. शेंडा खुडला की हुकूम थांबतो आणि डोळे उघडतात. "एक कापा, चार मिळवा," असं म्हणून मानसिंगराव आमच्या तुळशीची मंजिरी खिशात टाकायचे.

आम्ही माना डोलवायचो. पण एक माणूस मनापासून ऐकत होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तो म्हणजे आमचे सेक्रेटरी फत्तेसिंहराव. रिफायनरीतून रिटायर झालेले, मिशी अजून ड्यूटीवर, मराठीत अधूनमधून गुजराती.

सोसायटीच्या आवारात नारळाचं एकच झाड आणि घरं बारा. त्या वर्षी नारळ उतरले एकोणीस. बारा घरांत एकोणीस नारळ वाटून बघा, म्हणजे भाऊबंदकी कशी सुरू होते ते कळेल. वार्षिक सभेत यावर तासभर तोंडातोंडी झाली, तेव्हा फत्तेसिंहराव उठले. म्हणाले, आपल्यात प्रोफेसर असून आपण भांडतो याची शरम वाटली पाहिजे. नारळाचा शेंडा कापू. चार फांद्या फुटतील, चौपट नारळ येतील, घरटी सहा.

टाळ्या पडल्या. अनुमोदन मी दिलं, कारण सेव-उसळ निवत चालली होती.

मानसिंगराव पांढरे पडले. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांचं ऐकलं होतं, आणि ते नारळाच्या बाबतीत. ते घाईघाईने सांगू लागले की नारळाला तो एकच शेंडा. पानांच्या बगलेत फुलोरा येतो, फांदीचा डोळा नसतो. शेंडा गेला की झाड उभ्या उभ्या मरतं.

फत्तेसिंहरावांनी टेबलावरचा सोललेला नारळ उचलला आणि सभेकडे धरला.

"आ शूं छे, प्रोफेसर? नारळाला डोळे नसतात म्हणता? मोजा. एक, दोन, तीन."

"तो बीचा डोळा, फत्तेसिंहराव. झाडाचा नाही."

"पण कोंब त्यातूनच येतो ने?"

कोंब त्यातूनच येतो. मानसिंगराव खोटं बोलू शकले नाहीत आणि सभा हसून लोळली. अकरा विरुद्ध एक असा ठराव झाला.

रविवारी सकाळी नारळ उतरवणारा लक्ष्मण कोयता कमरेला खोचून चढू लागला. खाली अख्खी सोसायटी. मानसिंगरावांनी पुन्हा हात जोडून सांगून पाहिलं. फत्तेसिंहराव म्हणाले, तुमचंच शास्त्र आहे साहेब, आता का घाबरता? लक्ष्मण अर्ध्यावर पोचला होता.

तेव्हा मानसिंगराव आमच्याकडे वळले.

"मी प्रोफेसर नाही. मी त्या विभागात बाटल्या धुवायचो. ते शेंड्याचं सगळं दाराआडून ऐकलेलं आहे. त्यातलं काही खरं धरू नका."

कोयत्यापेक्षा हे जास्त लागलं. वीस वर्षं एका बाटल्या धुणाऱ्याला आपण खुर्ची दिली, याचा हिशेब प्रत्येक चेहऱ्यावर दिसू लागला.

"लक्ष्मण, उतर," फत्तेसिंहराव म्हणाले. "याच्या नादी लागून चांगलं झाड घालवलं असतं."

संध्याकाळी तातडीची सभा. शेंडा कापल्याने फांद्या फुटतात हे म्हणणे यापुढे रद्द समजावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. वनस्पतींना तो कुणी कळवला का, माहीत नाही. मानसिंगरावांना लोक बाटलीवाला म्हणू लागले. फाटकाशी दिसले की पद्माबाई तुळस घरात उचलून नेत.

मला मात्र चैन पडेना. आठवड्याने त्यांच्याकडे गेलो, अर्थात आणखी काही ऐकायला मिळेल या लोभाने. चहा घेऊन त्यांच्या पत्नी प्रेमलावहिनी आल्या. मी विषय काढायच्या आतच त्यांनी कप टेबलावर आपटला.

"बाटल्या दोन वर्षं धुतल्या यांनी. पुढली एकोणतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली शेंडे कापले. ते मोहरीहून बारीक टोक अख्खं काढणारा हात विभागात यांचाच होता. मोठमोठे साहेब शेजारी उभे राहून बघायचे."

मी मानसिंगरावांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते.

"मग तेच का नाही सांगितलंत त्या दिवशी?"

"सांगायला दहा मिनिटं लागली असती," ते म्हणाले. "तोवर लक्ष्मण वर पोचला असता."